विचारा की! : "बघ काय ते" म्हणजे नेमकं काय करायचं?

या महिन्यात पत्रांपेक्षा मेसेजच जास्त आलेत, त्यातले चार घेतलेत. पहिलं लांब आहे, कापून निम्मं केलं तरी लांबच राहिलं, आणि माझं उत्तर त्याहून लांब झालंय त्याला इलाज नाही. त्या ताईंचं नाव, लॅब, पेशंटचं गाव सगळं काढलंय. बेळगाव केवढंसं आहे, तेव्हा कृपा करून ओळखायचा खेळ करू नका.

प्रश्न : सर नमस्कार. मी बेळगावात एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट आहे, वय ३४. दोन वर्षांपूर्वी बेंगळूरला तपासणी झाली आणि मला ऑटिझम आहे असं लेखी कळलं, त्याआधी घरात सगळे "विचित्र आहे पण हुशार आहे" म्हणायचे. हे आधी सांगते कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

आम्ही फाजवर काम करतो, म्हणजे जंतूंना मारणारे विषाणू. बळ्ळारी नाल्याच्या पाण्याच्या बाटल्या मी स्वतः वडगावच्या बाजूनं भरून आणल्या, मला वास सहन होत नाही, दोन मास्क लावले तरी घरी येऊन तीन वेळा आंघोळ केली, पण त्यातनं एक असा फाज मिळाला की जो आमच्याकडच्या स्यूडोमोनास नावाच्या जंतूला, ज्याच्यावर एकही अँटिबायोटिक चालत नाही, प्लेटवर पूर्ण साफ करतो. जंतूंच्या थरात स्वच्छ गोल खिडक्या पडतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हात झटकत अख्खा कॉरिडॉर दोनदा चालून आले, शिपाईमामा घाबरले.

आता एक पेशंट आहेत, निपाणीकडचे, पन्नाशीचे, शुगर, पायाची जखम भरत नाही, पाय गुडघ्याखाली काढायचं चाललंय आणि जंतू रक्तात उतरतोय. आमचे लॅबप्रमुख सर आणि पेशंटचे डॉक्टर म्हणतात फाज सलाईनमधनं देऊ, बेळगावात पहिल्यांदा होईल. माझी अडचण अशी की तीन नंबरच्या बॅचची सशांवर तापाची टेस्ट केली तेव्हा तीनपैकी एका सशाला १.१ डिग्री ताप चढला. शंका आली तर आणखी पाच ससे घ्यायचे असतात, ते घेतले नाहीत. शिवाय फाजच्या जिनोममध्ये इंटिग्रेजसारखं दिसणारं एक जीन आहे. मी मीटिंगमध्ये दोन्ही सांगितलं. सर म्हणाले, "थर्मामीटर हललं असेल. रिपोर्ट करताना तो ससा बघ काय ते." मी विचारलं, बघ म्हणजे काय करू? सगळे हसले. मला अजून कळलं नाही की का हसले.

परवा पेशंटच्या मिसेस लॅबच्या गेटवर आल्या, गुळाची ढेप घेऊन. माझा हात धरला, मला कोणी हात धरलेला चालत नाही, पण मी सोडवून घेतला नाही. म्हणाल्या, "बाई, आता तुमच्या हातात हाय." ढेप माझ्या टेबलाखाली आहे, मुंग्या लागल्यात. आई म्हणते, "कशाला आडवूलालीस गं, मोठी माणसं सांगूलाल्यात न्हवं?" मला पाच दिवस झोप नाही.

माझे प्रश्न नंबर घालून लिहिते. १) ती सशाची ओळ काढायची का? २) मी थांबवलं आणि ते गेले तर मी मारलं असं होतं का? ३) मी आधी स्वतःला टोचून घेतलं तर चालेल का, म्हणजे निदान कळेल? ४) मला ऑटिझम आहे हे ऑफिसात सांगू का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : ताई, मी ३१ वर्षं औषधशास्त्र शिकवलं. "बघ काय ते" हे वाक्य हजारदा ऐकलंय आणि सांगायला लाज वाटते पण पाचपन्नासदा म्हटलंयही. त्याचा अर्थ तुम्ही विचारलात, तर ऐका. त्याचा अर्थ असा की ती ओळ तू काढ, पण मी काढायला सांगितलं असं कुठं राहायला नको, उद्या काही झालंच तर मी म्हणणार की मी फक्त बघ म्हणालो होतो. मीटिंगमध्ये सगळे हसले कारण सगळ्यांना हे कळतं, लहानपणापासनं घरात ऐकून ऐकून कळत आलेलं असतं, आणि तुम्ही सरळ तोंडावर विचारल्यामुळं ते उघडं पडलं. आपल्याकडची निम्मी गैरकामं अशीच होतात, कोणी सांगितलेलं नसतं, कोणी ऐकलेलं नसतं, तरी झालेली असतात.

तर ओळ काढायची नाही. त्यासाठी भांडायचं नाही, भाषण द्यायचं नाही. जे मीटिंगमध्ये केलंत तेच मेलवर करायचं. "सर, बॅच तीन, एका सशाला १.१ डिग्री ताप. मीटिंगमध्ये आपण बघ काय ते म्हणालात. ही नोंद रिपोर्टमध्ये ठेवायची की काढायची, काढायची असल्यास कारण काय लिहायचं, कृपया कळवावे." एवढंच, वर एक शब्द नको. माझा अंदाज सांगू? उत्तर येणारच नाही, नाहीतर फोन येईल. फोन आला तर फोन ठेवल्यावर परत मेल, की आत्ता आपण फोनवर असं असं म्हणालात, मला बरोबर कळलंय ना. माझ्यासारख्याला हे जमलं नसतं, सरांना काय वाटेल, पुढच्या वर्षी प्रमोशन आहे, असलं सगळं डोक्यात आलं असतं आणि हात थांबला असता. आडून बोललेलं कळत नाही म्हणून तुम्ही जन्मभर बोलणी खाल्लीत, आता तेच न कळणं लेखी करून सरांच्या टेबलावर ठेवा. आणि लॅबच्या वहीतली मूळ नोंद तारखेसकट जागेवर आहे ना तेवढं आजच बघा.

एका सशाचं एवढं काय असं कुणालाही वाटेल, तुमच्या आईंना वाटतंयच. आपण बेळगावकर सकाळी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोवर फिरायला जातो, तिथं एके काळी वासरांच्या कातडीवर देवीची लस तयार व्हायची, म्हणजे जनावराच्या अंगावरनं माणसाकडं येणारं औषध या गावाला नवीन नाही. पण जनावरानं काही सांगितलं आणि ते माणसापर्यंत पोचलंच नाही तर काय होतं ते १९९९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला झालं. जेसी गेल्सिंगर नावाचा १८ वर्षांचा पोरगा, लिव्हरचा जन्मजात आजार पण गोळ्या आणि पथ्यावर ठीक चाललेला, जीन थेरपीच्या प्रयोगात स्वतःहून गेला. १३ सप्टेंबरला डोस दिला, १७ ला गेला. नंतर चौकशीत निघालं की जास्त डोस दिलेली माकडं आधी मेली होती आणि पोरानं सही केलेल्या फॉर्मवर ते नव्हतं, त्याच्या आधीच्या दोन पेशंटना झालेला त्रासही वेळेवर कळवलेला नव्हता, आणि मुख्य संशोधकाचा त्याच तंत्रावर उभ्या केलेल्या कंपनीत हिस्सा होता. इंग्रजीत "बघ काय ते" ला काय म्हणतात देव जाणे. त्यानंतर अख्खी जीन थेरपीच कित्येक वर्षं मागं पडली. म्हणजे घाई करून त्यांनी स्वतःच्या शोधाचंही भलं केलं नाही, हे तुमच्या सरांना सांगता आलं तर सांगा, बेळगावात पहिलं व्हायची हौस त्यांना आहे ना.

आता वाचकांसाठी थोडं, की या ताई एवढ्या अडून का बसल्यात. स्यूडोमोनास हा ग्रॅम निगेटिव्ह, म्हणजे बाहेरनं आणखी एक कवच असलेला जंतू, फाजनं तो फोडला की त्याच्या कवचाचे तुकडे त्याच पाण्यात राहतात, त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात, ते रक्तात गेलं की थंडी, ताप, बीपी खाली, वाईट झालं तर माणूस हातचा जातो. सशाला ताप येतो तो बहुतेक यानंच. शिरेतनं द्यायच्या औषधात एंडोटॉक्सिन किती चालतं याला हद्द आहे, वजनाच्या किलोमागं तासाला ५ युनिट. दुसरं ते इंटिग्रेज. काही फाज जंतूला लगेच मारत नाहीत, त्याच्या जनुकात जाऊन मुकाट बसतात, भाडेकरू आला आणि घराचा मालक झाला तसं, आणि जाताना कधी कधी विषाचं जीनही जंतूला देऊन जातात. पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं विष असंच, ते जीन मुळात फाजनं आणलेलं, १९९६ मध्ये ते सिद्ध झालं. इंटिग्रेज हे असं जनुकात शिरायचं हत्यार, म्हणून ते दिसलं की तो फाज सहसा उपचाराला घेत नाहीत. ताईंना दोन्ही धोके दिसलेत आणि दोन्ही खरे आहेत.

पण ताई, इथं तुमच्यावरही थोडा राग आहे माझा. द्यायचं किंवा नाही द्यायचं, असे दोनच रस्ते धरून तुम्ही पाच रात्री जागलात. अहो स्यूडोमोनासचे फाज सांडपाण्यात भरपूर सापडतात, तो एकच असल्यासारखं काय धरून बसलाय? नाल्याला पाणी आहे अजून. दोन मास्क लावा, परत जा, इंटिग्रेज नसलेला शोधा. बॅच शुद्ध करता येते, एंडोटॉक्सिनची एलएएल टेस्ट करायला दिवस लागत नाहीत, तासाभराचं काम. आणि शिरेतनंच का? जखमेवर लावायचं असेल तर एंडोटॉक्सिनचं गणित बरंच हलकं होतं, जंतू रक्तात किती उतरलाय ते डॉक्टरांनी ठरवावं, पण हा प्रश्न मीटिंगमध्ये कुणी विचारला का? २०१६ साली सॅन डिएगोत टॉम पॅटरसन नावाचे प्राध्यापक कोमात होते, इजिप्तमध्ये लागलेला जंतू, कुठलंच औषध चालेना, त्यांना फाज शिरेतनं दिला आणि ते उठून बसले. ही बातमी सगळे सांगतात, तुमच्या सरांनीही सांगितली असणार. पण देण्याआधी दुसऱ्या एका लॅबनं तो फाज धुऊन एंडोटॉक्सिन काढलं होतं आणि एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी औषध खात्याची, तातडीची परवानगी घेतली होती, हा अर्धा भाग कोणी सांगत नाही. माणूस मरणाच्या दारात होता तरी दोन्ही कामं झाली. आपल्याकडंही न मंजूर झालेलं औषध एखाद्याला द्यायचं तर त्याला वेगळी परवानगी लागते, फ्रीजमधनं बाटली काढली आणि सलाईनला जोडली असं नसतं.

दोन नंबर. ते गेले तर त्यांना जंतूनं आणि शुगरनं नेलेलं असेल, तुमच्या एका वाक्यानं नाही. पण मी तुम्हाला एवढ्यावर सोडत नाही. अख्ख्या पत्रात तुम्ही आहात, सर आहेत, आई आहेत, ससा आहे, गुळाची ढेपसुद्धा आहे, आणि ज्यांचा पाय आहे ते काय म्हणतात ते कुठंच नाही. त्यांना विचारलं का कुणी? तुम्हाला शून्य धोका पाहिजे, तो मिळणार नाही. २००६ साली लंडनमध्ये सहा धडधाकट तरुणांना एक नवीन औषध टोचलं, जनावरांवर सगळं स्वच्छ होतं, डोस जनावरांच्या पाचशेव्या हिश्श्याएवढा, तरी सहाच्या सहा जण काही तासात आयसीयूत. म्हणजे आठही ससे गार राहिले तरी तुम्हाला झोप येईल असं नाही. म्हणून कागदावर सगळं आलं पाहिजे, ससा, जीन, पाय वाचायची आशा, सगळं, आणि निपाणीकडच्या मराठीत त्यांना सांगितलं पाहिजे, आणि मग कमिटीनं परवानगी दिली आणि ते म्हणाले की पाय जाण्यापेक्षा हा जुगार खेळतो, तर तो त्यांचा हक्क आहे, तुमचा नाही आणि सरांचाही नाही.

कमिटी म्हणजे एथिक्स कमिटी, माणसांवरचे प्रयोग तपासून परवानगी देणारी. २०१९ च्या नियमांप्रमाणे तिच्यात कमीत कमी सात जण असतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्षसुद्धा बाहेरचा, एक वकील, एक अगदी साधा माणूस. सरांच्या मेलचं उत्तर चार दिवसात आलं नाही तर सेक्रेटरींना लिहा, आरोप नको, नुसते आकडे. मीही असल्या एका कमिटीवर बाहेरचा सदस्य होतो. एकदा पावणेसहा वाजलेले, चहा आलेला, शेवटची फाईल, मी न वाचता सही ठोकली. काही महिन्यांनी त्या औषधानं एका बाईंच्या अंगावर फोड उठले, आणि तो धोका फॉर्मवर लिहिलेलाच नव्हता, वाचलं असतं तर मला दिसलं असतं. बाई बऱ्या झाल्या. मला तो पान नंबर अजून पाठ आहे, अकरा. तेव्हा कमिटी म्हणजे देव नाही, पण तुमचा कागद तिच्यासमोर गेला की न वाचायची सोय राहत नाही.

तीन. टोचून घेऊ नका. अजिबात. हाफकिन साहेबांनी १० जानेवारी १८९७ ला मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली हे आपण शाळेत वाचलंय, पुढं हुबळी धारवाडला हजारोंना ती दिली गेली, लोक वाचले. पण १९०२ साली पंजाबातल्या मुळकोवाल गावात त्याच लसीनं १९ माणसं धनुर्वातानं गेली, कारण त्या एका बाटलीत घाण गेली होती, बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता तो नीट निर्जंतुक केला नव्हता. हाफकिनना निलंबित केलं, निर्दोष ठरायला वर्षं गेली. आता सांगा, त्यांनी पाच वर्षांपूर्वी स्वतःच्या अंगात घेतलेल्या डोसनं मुळकोवालच्या बाटलीबद्दल काय सांगितलं? काहीच नाही. तुम्ही ३४ वर्षांच्या, शुगर नसलेल्या, चालत्या फिरत्या. तुम्हाला काही झालं नाही तर सर म्हणतील बघा काही होत नाही. तुमचं अंग त्यांना फुकटचा पुरावा म्हणून कशाला देता?

चार. हे फक्त तुम्ही ठरवायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्या यादीत एकवीस प्रकार आहेत, प्रमाणपत्र मिळतं, कामावर सोयी मागता येतात, ट्यूबलाईटचा आवाज बंद होणं किंवा मीटिंगचे मुद्दे आधी लेखी मिळणं असलंसुद्धा मागता येतं. पण सांगायचं असेल तर या सशाच्या भानगडीबरोबर एका पत्रात सांगू नका. आत्ता सांगितलं की लगेच कोणीतरी म्हणेल, "ती तशीच आहे हो, छोट्या गोष्टीचं मोठं करते, आजारच आहे तसा." आकडा कुणी वाचला यानं आकडा बदलत नाही, पण माणसं आकडा सोडून वाचणाऱ्याकडं बघायला लागतात. काही वर्षांपूर्वी मेंदूवरच्या एका जर्नलमध्ये पेपर आला होता, वाईट कामाला मदत करून पैसे मिळवा असं सांगितल्यावर ऑटिझम असलेली माणसं कोणी बघत नसतानाही पैसे सोडून देत होती, आणि लिहिणाऱ्यांनी ते लवचिकता नसल्यासारखं मांडलं म्हणून बरीच टीका झाली. वाचून मी बायकोला म्हटलं, म्हणजे प्रामाणिकपणाचा पण रिपोर्ट अॅबनॉर्मल आला बघ.

ढेपेचं तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. त्या बाईंना भेटून सांगा की हे माझ्या एकटीच्या हातात नाही, आणि का नाही ते सांगा. ढेप परत द्या, मुंग्या झटकून.

प्रश्न : चिकोडी तालुक्यातनं लिहितोय. बाबांना (वय ६८) दवाखान्यात एका नवीन औषधाच्या स्टडीत घेतलंय, औषध फुकट आहे म्हणून आम्ही हो म्हटलं. फॉर्म इंग्रजी आणि कन्नडमध्ये होता, बाबांना मराठी सोडून काही वाचता येत नाही, मला कन्नड बोलता येतं, वाचायचं म्हणजे बसचा बोर्ड एवढंच. अंगठा घेतला. आता भीती वाटते. बाहेर पडता येतं का? — एक मुलगा

उत्तर : येतं, कधीही, कारण न सांगता, आणि बाहेर पडला म्हणून नेहमीचा इलाज थांबवता येत नाही. पण औषध एकदम बंद करायचं का ते डॉक्टरांना विचारूनच करा, काही औषधं झटकन सोडली की उलटतात.

फॉर्मबद्दल मात्र गप्प बसू नका. माहितीचा कागद त्या माणसाला कळेल अशा भाषेत पाहिजे असा नियम आहे, आणि इथं त्याचा अर्थ बाबांना कळेल असं मराठी. हा सीमाभागाच्या वादाचा विषय नाही, त्यात पडू नका, तिथल्या रिसेप्शनवरच्या पोरीशी कन्नड मराठी करून काही होत नाही, ती पण पगारावर आहे. सरळ म्हणा, फॉर्मचं मराठी भाषांतर द्या, कमिटीनं मंजूर केलेलं. वाचता येत नसलेल्याचा अंगठा घेताना त्या स्टडीशी संबंध नसलेला एक साक्षीदार हजर पाहिजे, त्याची सही बघा, कुणाची आहे. फॉर्मची एक प्रत तुमची, ती मागून घ्या. मोबाईलवर सीटीआरआय ही सरकारी वेबसाईट उघडा, भारतात चाललेल्या औषधांच्या ट्रायल तिथं नोंदवाव्या लागतात, २००९ पासनं सक्ती आहे. स्टडीचं नाव तिथं नसेल तर मला परत लिहा, लगेच. आणि औषधामुळं बाबांना काही त्रास झाला तर इलाज फुकट आणि भरपाई ही मेहेरबानी नाही, कायद्यात आहे.

"फुकट" हा शब्द ऐकला की आपण प्रश्न विचारायचं सोडतो, एवढं सोडून तुमचं काही चुकलं नाही.

प्रश्न : डॉक्टर, मी खानापूरची. मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम आहे. लोंढ्यावरनं जाणाऱ्या सगळ्या गाड्यांचं टाइमटेबल त्याला पाठ आहे, उशीर झाला की रडतो. एका ठिकाणी स्टेम सेलनं बरा होईल म्हणून सांगितलंय, काही लाख लागतील, जमीन विकायचं चाललंय घरात. सासरे म्हणतात असली मुलं मोठी होऊन सायंटिस्ट होतात, काही करू नका. काय करू? — एक आई

उत्तर : वहिनी, जमीन विकू नका. हे वाचून झाल्यावर मिस्टरांना दाखवा.

ऑटिझमला स्टेम सेलनं बरं करणारा मान्य उपचार नाही. आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, तिच्या २०१७ च्या सूचनांत स्पष्ट आहे, रक्ताच्या ठरावीक आजारांत बोन मॅरो बदलतात ते सोडलं तर बाकी सगळं स्टेम सेल अजून प्रयोगात मोडतं, आणि प्रयोगाचे पैसे पेशंटकडनं घ्यायचे नसतात. म्हणजे लाखात पैसे मागितले इथंच तुम्हाला उत्तर मिळालं. वर चिकोडीच्या पत्रात स्टडी फुकट होती तर भीती, इथं लाख मागितले तर विश्वास, आपलं सगळं उलटंच असतं. पाठीच्या मणक्यात सुई घालायची, कुणाच्या कुठल्या पेशी त्याचा पत्ता नाही, आणि पोरगं त्रास झाला तर सांगू शकणार नाही. नको.

स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, शाळेत समजून घेणारी एक तरी बाई, आणि प्रमाणपत्र, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. हे कंटाळवाणं आहे, वर्षानुवर्षं चालतं, कोणी पेपरात छापत नाही, पण यानं रोजचं सोपं होतं.

सासऱ्यांना सांगा, टेम्पल ग्रँडिन म्हणून एक बाई आहेत अमेरिकेत, साडेतीन चार वर्षांच्या होईपर्यंत बोलत नव्हत्या, आज जनावरांच्या शास्त्रातल्या मोठ्या प्राध्यापक आहेत, जनावर कशाला बिचकतं ते त्यांना चित्रासारखं दिसतं. असं होतं. पण सगळ्यांचं होत नाही, आणि मुलानं सायंटिस्ट होऊन आपला हिशेब चुकता करावा अशी वाट बघत बसू नका, नऊ वर्षांच्या पोरावर ते ओझं आहे. गाडीला उशीर झाला की रडतो ना, तर मोबाईलवर गाडी कुठं आहे ते दाखवणारं ॲप त्याच्या हातात द्या. उशीर किती ते कळलं की निम्मं रडणं जातं, माझ्या भाच्याचा अनुभव आहे.

प्रश्न : काका, गंगेचं पाणी वर्षभर बाटलीत राहिलं तरी खराब होत नाही, यात सायन्स आहे का श्रद्धा? पैज लागलीय. — येळ्ळूर

उत्तर : पैज किती रुपयांची ते लिहिलं नाहीत. १८९६ साली आग्र्याला काम करणारे हँकिन म्हणून एक इंग्रज होते, त्यांनी गंगा यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू सोडले तर काही तासात मेले, आणि तेच पाणी उकळून घेतल्यावर मात्र मेले नाहीत. म्हणजे पाण्यात असं काहीतरी होतं जे उकळल्यावर नष्ट होतं. काय होतं ते त्यांना कळलं नाही. पुढं १९१७ साली देरेल नावाच्या माणसानं पॅरिसमध्ये फाज नाव दिलं, आणि हँकिनना दिसलं ते हेच असावं असं बरेच जण मानतात, काहींना ते पटत नाही. तर सायन्स आहे, पण ते गंगेपुरतं नाही, जिथं जंतू भरपूर तिथं त्यांना खाणारे भरपूर, आपल्या बळ्ळारी नाल्यात तर विचारूच नका. पहिलं पत्र वाचलंत ना. म्हणून कोणी नाल्याचं पाणी बाटलीत भरून देवघरात ठेवलं तर तीर्थ म्हणून घेऊ नका, फाजबरोबर बाकीची मंडळी पण त्यात असतात. पैज निम्मी निम्मी वाटून घ्या.